पाऊस लागला की थांबणारा क्लॉक

सीडी प्लेअर १९९० च्या सुमाराचा आणि तक्रार एका ओळीची: "उन्हाळ्यात कधी रुसत नाही, पाऊस लागला की डिस्क वाचत नाही." डिस्प्ले पेटत होता, ट्रे नीट आतबाहेर होत होता. डिस्क आत गेली की मात्र लेन्स जागची हलत नव्हती, मोटर फिरत नव्हती आणि थोड्या वेळाने 'नो डिस्क' येत होतं. अशा वेळी बहुतेक जण आधी लेझर हेडला हात घालतात. इथेही कुणीतरी लेझर करंटचा प्रीसेट, म्हणजे करंट ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर, फिरवून ठेवला होता. कारखान्यातली सेटिंग हलू नये म्हणून त्यावर लावलेला रंगाचा ठिपका मोडलेला होता. असा प्रीसेट वाढवला की तीस वर्षांच्या लेझरचं उरलंसुरलं आयुष्य जळतं आणि मूळ दोष तसाच राहतो. हेडच्या लेबलवरच्या आकड्याप्रमाणे करंट परत जागेवर आणला आणि तो भाग बाजूला ठेवला.

ट्रे चालतो आणि सर्व्हो, म्हणजे लेन्स आणि मोटर हलवणारा भाग, पूर्ण गप्प, ही खूण मोलाची आहे. या सेटमध्ये बटणं, डिस्प्ले आणि ट्रे सांभाळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर वेगळा. डिस्क वाचणाऱ्या मोठ्या आयसीला क्लॉक, म्हणजे कामाची लय राखणारे ठरावीक ठोके, मिळतो १६.९३४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपासून. सीडीचा सॅम्पलिंग रेट ४४.१ किलोहर्ट्झ, त्याची ही बरोबर ३८४ पट. तो क्लॉक नसला तर आयसीपर्यंत आज्ञा पोचूनही काहीच घडत नाही.

स्कोप (ऑसिलोस्कोप, लहरी दाखवणारं यंत्र) लावला तो आयसीच्या बफर केलेल्या क्लॉक आउटपुटवर, क्रिस्टलच्या पायावर नाही. एक्स-१ वर (सिग्नल न विभागता) ठेवलेला प्रोब क्रिस्टलवर टेकवला तर त्याचे शंभरेक पिकोफॅरड आणि स्कोपचा १ मेगाओहम मिळून चालता ऑसिलेटरही, म्हणजे क्रिस्टलचं ठोके देणारं सर्किटही, बंद पाडतात. मग निदान आपल्याच प्रोबचं होतं. आउटपुटवर सपाट रेषा होती. आयसीला ५ व्होल्ट पोचत होते, रीसेट पिनही बरोबर सुटत होती.

नवा क्रिस्टल बसवला. प्लेअर लगेच सुरू झाला आणि तासभर सलग वाजला. काम झालं असंच वाटलं. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी सेट पुन्हा मुका.

आता क्रिस्टलच्या दोन्ही पायांवरचा डीसी व्होल्टेज मोजला. खरं तर हे मोजमाप क्रिस्टल उपसण्याच्या आधी करायला हवं. आयसीच्या आत एक इन्व्हर्टर असतो. त्याच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि त्या रेझिस्टरमुळे इनपुट सप्लायच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. तिथेच इन्व्हर्टर ॲम्प्लिफायरसारखा वागतो आणि ऑसिलेशन सुरू होतं. इथे आउटपुटवर ४.९ व्होल्ट आणि इनपुटवर जेमतेम १.१. म्हणजे इनपुटकडून ग्राउंडकडे गळती होती. हिशेब सोपा आहे: १ मेगाओहमवर ३.८ व्होल्ट, म्हणजे ३.८ मायक्रोअँपिअर, १.१ ला त्याने भागलं की सुमारे २९० किलोओहम. एरवी एवढा मोठा रोध कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण इनपुट-आउटपुटमधल्या त्या १ मेगाओहमच्या फीडबॅक रेझिस्टरसमोर तो पुरेसा आहे. गळतीचा रोध १ मेगाओहमच्या खाली उतरला की इनपुट उंबरठ्याखाली जातो आणि आउटपुट वर अडकून बसतो.

हेअर ड्रायरची कोमट हवा त्या भागावर सोडली आणि मीटर बघत राहिलो. १.१, १.५, २.१, आणि मग एकदम स्कोपवर क्लॉक. काल सुरू झालं ते नव्या क्रिस्टलमुळे नव्हतंच. सोल्डरिंगच्या उष्णतेने तिथली ओल उडाली होती.

गळतीची जागा डोळ्यांसमोरच होती. क्रिस्टलचा डबा हलू नये म्हणून कारखान्यात त्याच्या बुडाशी गोंद लावतात. ताजेपणी तो फिकट पिवळा आणि चांगला इन्सुलेटर असतो. उष्णतेत वर्षानुवर्षं राहिला की तपकिरी, ठिसूळ होतो, हवेतली ओल धरतो, थोडी वीज वाहू देतो आणि तांब्यालाही खातो. या बोर्डवर तो शेजारच्या लोड कपॅसिटरच्या पायांपर्यंत पसरला होता. जुना क्रिस्टल काढताना वरवरचा निघाला, खालचा थर तसाच राहिला.

हवेचं तापमान शंभर अंशांच्या आसपास ठेवून गोंद मऊ केला आणि बांबूच्या काडीने खरवडला. स्क्रूड्रायव्हर नको, बारीक ट्रॅक तुटतात. क्रिस्टल, दोन्ही कपॅसिटर आणि तपकिरी-काळा-हिरवा पट्ट्यांचा तो १ मेगाओहमचा रेझिस्टर काढून खालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने कापूस स्वच्छ निघेपर्यंत धुतला. एका कपॅसिटरचा पाय काळा पडून निम्मा झिजला होता, म्हणून दोन्ही कपॅसिटर २२ पिकोफॅरडचे, एनपीओ जातीचे (तापमानाने जवळजवळ न बदलणारे), नवे घातले. हे मूल्य मनाने बदलू नये, फ्रीक्वेन्सी सरकते. पुन्हा गोंद लावला नाही. क्रिस्टलचा डबा बोर्डपासून मिलिमीटरभर वर ठेवला.

इनपुटवर २.४ व्होल्ट, आउटपुटवर २.५. फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर फ्रीक्वेन्सी नेमलेल्या आकड्यापासून तीनशे हर्ट्झच्या आत. ५० पीपीएमची (दहा लाखांत पन्नास) मर्यादा धरली तर साडेआठशेपर्यंत चालते. मग झाकण उघडंच ठेवून सेट, शेजारी पाण्यात भिजवलेलं फडकं, असं दोन्ही एका बंद खोक्यात रात्रभर ठेवलं. सकाळी वारा न घालता, न सुकवता मेन चालू केला आणि मीटर टेकवला: २.४. पाचव्या सेकंदाला डिस्प्लेवर गाण्यांची संख्या आली.