तुम्ही विचारलंत म्हणून: शिकार थांबवली तर फेझंट वाढतील का?

अमेरिकेतल्या आयोवा, साउथ डकोटा, मिनेसोटा या भागात राहणारी मराठी मंडळी आणि त्यांचे भारतातले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: 'ज्या फेझंटसाठी एवढं गवत लावता, त्यालाच ऑक्टोबर आला की मारता. शिकारच बंद केली तर पक्षी आपोआप वाढणार नाहीत का?' भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मोठ्या झालेल्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. तरी उत्तर 'नाही' असंच आहे. फेझंटचं वर्ष चांगलं जाणार की वाईट, हे मे-जूनमध्ये घरट्यात ठरतं.

फेझंट हा मोर-तित्तिरांच्या कुळातला पक्षी. शिकार फक्त नराची करता येते. हिरवं डोकं, लाल गाल, गळ्याभोवती पांढरं कडं, लांब शेपूट, आणि उडताना कर्कश ओरडणं, यावरून नर लगेच कळतो. मादी मातकट रंगाची. तिच्यावर बंदूक रोखायचीच नाही. सूर्य समोर असला की दोघंही नुसते काळे दिसतात, अशा वेळी नळी खालीच ठेवावी. आयोवा आणि साउथ डकोटात माणशी दिवसाला तीन नर, त्यापुढे नाही. पक्षी घरी नेताना एक पाय किंवा पिसांसकट डोकं तसंच ठेवायचं, म्हणजे तपासणीत नर ओळखता येतो. वसंतात एक नर दहा माद्यांना पुरतो आणि उबवणं, पिल्लं सांभाळणं यांत त्याचा काही वाटा नसतो. त्यामुळे हंगामात निम्म्याहून जास्त नर गेले तरी पुढच्या उन्हाळ्यात पिल्लं कमी होत नाहीत.

आता घरट्याचं गणित बघा. मादी साधारण बारा अंडी घालते, त्याला दोन-अडीच आठवडे लागतात. पुढे 23 दिवस उबवणं. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिल्लं निघेपर्यंत चाळीसेक दिवस ती जागा कोणी हलवता कामा नये. वसंतात लवकर दाट होणाऱ्या शेतांपैकी एक लसूणघासाचं, म्हणून कित्येक माद्या तिथे बसतात. त्याची पहिली कापणी मेअखेरीच्या सुमाराला, आणि पुढची साधारण महिन्याभरात. दोन कापण्यांच्या मधे चाळीस दिवस सापडतच नाहीत. त्यात, पिल्लं निघायची वेळ जवळ येते तशी मादी जास्तच घट्ट बसते. यंत्र अगदी जवळ आलं तरी उठत नाही. मग पात्याखाली अंडी जातात आणि बहुतेकदा तीही जाते. नुसती अंडी गेली तर ती दुसरं घरटं करते, पण त्यात अंडी कमी असतात. निघालेली पिल्लं मेली, तर त्या वर्षी सहसा ती पुन्हा बसत नाही. घास कापायचाच असेल तर शेताच्या मधून सुरुवात करून बाहेर कापत यावं, म्हणजे पक्ष्यांना कडेला पळता येतं. कडेने आत कापत गेलं की सगळे मधल्या शेवटच्या पट्ट्यात अडकतात. रात्री तर कापूच नये.

म्हणून खरी गरज आहे ती ऑगस्ट उजाडेपर्यंत कोणी हात लावणार नाही अशा गवताची. 1985च्या शेतीकायद्यातून सुरू झालेली कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम ही योजना नेमकं हेच करते. शेतकरी धुपणारी, पाणथळ जमीन 10 ते 15 वर्षं पिकातून काढून गवताखाली ठेवतो आणि सरकार त्याला दरवर्षी भाडं देतं. 2007 मध्ये देशभरात या योजनेखाली 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती. मग मक्याचे भाव चढले, करार संपले तशी शेतं पुन्हा नांगरली गेली, आणि दहा वर्षांत आकडा अडीच कोटींच्या खाली आला. फेझंटही त्यामागोमाग घटले. शिकारीचे नियम तेच होते, गेलं ते गवत. ज्यांना पक्षी हवे आहेत त्यांनी बंदुकीइतकंच, खरं तर जास्त, लक्ष या कराराच्या मुदतींकडे द्यायला हवं.

गवत लावण्यातही चुका बऱ्याच होतात. सगळ्यांत सोपी जमीन सोयाबीन निघाल्यानंतरची: घट्ट, स्वच्छ, नांगरायची गरज नाही. चालताना बुटाची टाच अर्ध्या इंचाहून जास्त रुतली तर जमीन भुसभुशीत आहे, आधी रोलर फिरवा. बी पाव इंच खोल, फार तर अर्धा इंच. त्याखाली गेलेलं बरंचसं बी वर येतच नाही. चौरस फुटाला साधारण चाळीस बिया. बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास या तिथल्या मूळच्या, म्हणजे देशी, गवतांचं बी लवदार, साध्या पेरणीयंत्राच्या नळ्यांत तुंबतं. त्यासाठी देशी गवताचं खास यंत्र लागतं. मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं असेल तर त्याचा अंश फुलझाडांना उगवू देत नाही. खत घालू नका, ते तणालाच पोसतं. जुनं ब्रोम गवत असेल तर आधी शरदात आणि वसंतात तणनाशक मारून ते पुरतं मारावं, नाहीतर दोन-तीन वर्षांत परत सगळं तेच होतं.

पहिल्या वर्षी शेत बघवत नाही. तण गुडघ्याएवढं आणि पेरलेलं काही दिसत नाही, कारण देशी गवत आधी मुळं धरतं. तण फूट-दीड फूट झालं की सहा ते आठ इंचांवर कापायचं, ऊन खाली पोचलं पाहिजे. इथेच धीर सुटून पुष्कळजण शेत नांगरून टाकतात. खरा जोम तिसऱ्या वर्षी दिसतो.

त्या मिश्रणात फुलझाडं हवीतच. पिल्लं पहिले काही आठवडे जवळजवळ किड्यांवरच जगतात, आणि किडे फुलझाडांवर जास्त. शिवाय पिल्लाला गवताच्या बुडाशी मोकळी जमीन लागते. चार-पाच वर्षांत वाळलेला थर साचून ती वाट बुजते, तेव्हा गवत जाळावं लागतं. परवाना, आग अडवणारी मोकळी जाळरेषा, पाण्याची टाकी आणि वाऱ्याचा अंदाज, यांतलं एक जरी कमी असेल तरी काडी लावू नये. घरटी बसायच्या आधी, दरवर्षी एकतृतीयांश भाग जाळावा. सगळं एकदम जाळलं तर त्या वसंतात मादीला बसायला जागाच उरत नाही.

हिवाळ्यासाठी पाणकणसांची दलदल किंवा वारा अडवणारी दाट झुडपं, आणि त्याला लागूनच उभा ठेवलेला मका किंवा ज्वारी. अन्न लांब असलं तर वादळात तिथवर जाताना पक्षी मरतात.

हा पक्षी मूळचा आशियातला, मग त्याच्यासाठी का एवढं, असंही विचारलं जातं. आक्षेप रास्त आहे. फेझंट माद्या प्रेअरी चिकन या तिथल्या मूळच्या गवताळ पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालून त्यांचं नुकसानही करतात. पण आयोवातली मूळ गवताळ जमीन आज हजारात एक हिस्साही उरलेली नाही. जे गवत परत येतं त्यात मेडोलार्क, बोबोलिंक हे पक्षी आणि मोनार्क फुलपाखरंही राहतात. त्याचा खर्च पुष्कळसा शिकारी उचलतात. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर 10 ते 11 टक्के कर बसतो; त्यातून राज्याच्या वन्यजीवांसाठीच्या कामाचा तीन चतुर्थांश खर्च मिळतो, उरलेला राज्याला घालावा लागतो, बहुधा परवान्यांच्या पैशातून. शिकार बंद झाली तर आधी हा पैसा आटेल.

तुमची किंवा ओळखीच्या कोणाची तिथे शेती असेल तर कापणीयंत्राने काढलेला उत्पन्नाचा नकाशा बघा. कोपरे, ओल्या खोलगट जागा, झाडांच्या सावलीतल्या ओळी, जिथे बियाण्या-खताचा खर्चही निघत नाही, तिथे आधी गवत लावा. 30 फुटांच्या लांबट पट्टीपेक्षा एका जागी सलग तुकडा बरा. पट्टीत कोल्हे आणि रॅकून घरटी सहज शोधतात. जिल्ह्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी शेती कार्यालयात किंवा फेझंट्स फॉरएव्हर या संवर्धन संस्थेच्या जीवशास्त्रज्ञाशी उन्हाळ्यातच बोला, कारण नोव्हेंबरात पेरायचं असेल तर करार आणि बियाणं दोन्ही त्याआधी हातात लागतात.