धुळीचा फोटो गच्चीवरून निघत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ मी आरामात टिपतो. त्यातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेत झळकतो. तेवढाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला की रस्त्यावरचे दिवे बाहेरच राहतात. ताऱ्यांमधल्या अवकाशातल्या धुळीचं तसं नाही. ती शेजारच्या ताऱ्यांचा उजेड परावर्तित करते आणि त्या उजेडात सगळेच रंग असतात. दिवे अडवायला जावं तर धूळही अडते. तिला अंधारच लागतो.

तो मला गगनबावड्याकडे, मामांच्या शेतावर मिळतो. पण पाऊस सरतो न सरतो तोच गळीत हंगाम सुरू होतो. वाटेत कुठं पाचट पेटलेलं दिसलं की समजायचं, धुरानं आज आभाळ दुधाळ राहणार.

डिसेंबरात दहा-अकराच्या सुमारास कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतात. त्यांच्याभोवतीची निळी धूळ त्यांच्या जन्माच्या ढगातली नव्हे. हा तारकागुच्छ वाटेत लागलेल्या ढगातून चाललाय. मला ओढ आहे ती त्याच्याही बाहेरच्या, वृषभेत पसरलेल्या मातकट धुळीची. एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये आकाशातल्या १८२ काळ्या खुणांची (बहुतेक अशा धुळीच्याच ढगांची) यादी छापली, त्यातल्या काही इथल्याच. नऊ वर्षांचा असल्यापासून फोटो स्टुडिओत राबलेला माणूस तो! त्याच्या काचेच्या प्लेटांवरचं काम पाहिलं की मला भरून येतं.

मी १३५ मिलिमीटरची लेन्स ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवतो आणि दोन-दोन मिनिटांच्या फ्रेम रात्रभर घेत राहतो. चौपट वेळ दिला तरी चित्र दुपटीनंच स्वच्छ होतं, त्यामुळे घाई करून भागत नाही. उजाडलं की लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे कोरे फोटो, घ्यायचे; लेन्सच्या कडा किती काळवंडतात ते त्यात दिसतं. धूळ आभाळापेक्षा इतकी किंचित उजळ असते, की कडांचा तो काळोख त्यांच्या मदतीनं भरून काढला नाही तर खरा ढग कुठला तेच कळत नाही.

"आरं, तितं समदं काळंच हाय, फोटू कशाचा काढतोस?" असं मामा विचारायचे. मग एकदा लॅपटॉपवर सगळ्या फ्रेम एकत्र करून दाखवल्या. चष्मा सारखा करत त्यांनी ढगाची कड पार कोपऱ्यापर्यंत बोटानं गिरवली आणि म्हणाले, "आणि ह्यो फाटा कुठं जातोय?" तो फाटा फ्रेमच्या बाहेर जातोय, म्हणून पुढच्या अमावास्येला शेजारचा तुकडा घेणार आहे.

मार्चात मात्र पहाटे उठायचं, ज्येष्ठेसाठी. तिच्याभोवतीची धूळ पिवळी दिसते आणि जवळच्याच ऱ्हो ऑफियुकी या ताऱ्याभोवतीची निळी.