मुदत संपलेली कामे

सोमवार, रात्री

विभागात नव्याने रुजू झालेल्या दोन सहकाऱ्यांचे उद्बोधन सत्र आज दुपारी मी घेतले, कारण गेली सहा वर्षे ते मीच घेत आले आहे. रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा, अंतर्गत गुण भरण्याची शेवटची तारीख हुकली तर कोणाचे पाय धरायचे, संशोधनासाठी पहिला लहानसा निधी कोठून मिळतो, असे त्यांचे प्रश्न होते आणि ते त्यांनी जराही संकोच न करता विचारले. त्यांना पहिल्या वर्षी एक मार्गदर्शक नेमून दिलेला असतो, कार्यभार थोडा हलका असतो आणि काही चुकलेच तर 'नवीन आहेत' एवढ्यावर भागते. सत्र संपता संपता त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुमचे काही अडले तर तुम्ही कोणाला विचारता?" मी हसून विषय बदलला.

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. विभागप्रमुखांना विचारावे, तर माझे वार्षिक मूल्यांकन तेच लिहितात. समवयस्क सहकाऱ्याला विचारावे, तर पुढच्या एकाच पदासाठी आम्ही दोघेही अर्ज करणार आहोत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. कनिष्ठांना विचारावे, तर जिच्याकडे ते उत्तरासाठी येतात तिलाच उत्तर माहीत नाही, हे त्यांना सांगायला जीभ रेटत नाही. सतरा वर्षे एका जागी काढल्यावर आपण संस्थेच्या चालत्याबोलत्या नियमपुस्तिकेसारखे होतो आणि पुस्तिकेला शंका असते, असे कोणाच्या मनातही येत नाही.

बुधवार

जुनी टिपणे काढून बसले. माणसे कामातून कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये एकाच कामात गुंतलेल्या माणसांच्या समुदायाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी घेतलेले एक उदाहरण लायबेरियातील शिंप्यांचे होते. तेथे उमेदवार आधी बटणे लावायला आणि कडा दुमडायला शिकतो, नंतर शिवायला, आणि कापड बेतून कापण्याची पाळी शेवटी येते, कारण शिवण चुकली तर उसवता येते, पण कापलेले कापड जोडता येत नाही. नवखा माणूस कडेला उभा राहून, हलकी पण खरी कामे करत करत मध्याकडे कसा सरकतो, हे त्यांनी इतक्या समजुतीने मांडले आहे की पहिल्या वाचनात मला माझीच सुरुवातीची वर्षे आठवली होती. आज मात्र वाचताना वाटले, मध्याच्या जवळ पोहोचून तेथेच पंधरा-वीस वर्षे राहणाऱ्याचे काय? त्याचा प्रवास थांबलेला असतो, काम वाढत असते, आणि त्याच्याकडे पाहून शिकणाऱ्यांची रांग लागलेली असते. सिद्धान्ताचा जीव नवशिक्यावर आहे, यात त्याचा दोष नाही. बहुतेक संस्थांचाही जीव तेथेच असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठाने अध्यापकांचे वर्षभर चालणारे अभ्यासगट १९७९ मध्ये सुरू केले, तेव्हा तेदेखील आधी नवोदितांसाठीच होते.

चाळिशीच्या या खिन्नतेला आकडेवारीचाही आधार आहे म्हणे. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांतील सर्वेक्षणांवरून दाखवले की समाधानाची रेषा तारुण्यात वर असते, मध्यमवयात खाली जाते आणि उतारवयात पुन्हा चढते. सगळ्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. पण त्याच ऑस्वल्ड यांनी काही सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्याविषयी त्यांच्या रखवालदारांची मते गोळा केली आणि तेथेही मध्यमवयात तसाच खळगा आढळला, हे वाचून मला हसू आले. त्या बिचाऱ्यांना ना पदोन्नतीचा अर्ज भरायचा असतो, ना समितीचे इतिवृत्त लिहायचे असते. म्हणजे सगळेच खापर संस्थेवर फोडता येणार नाही. तरीही रात्री साडेअकरा वाजता माझ्या पडद्यावर जो तक्ता उघडा असतो, तो काही वयाने उघडलेला नसतो.

शनिवार

आमच्या गटाची आज सातवी बैठक झाली आणि पाळी माझी होती.

गटाविषयी एकदा नीट लिहून ठेवते. आम्ही सहा जण आहोत. शिकवणारे तीन, एक ग्रंथपाल, परीक्षा विभागातील एक अधिकारी आणि एका प्रयोगशाळेच्या प्रमुख तंत्रज्ञ. सगळ्यांची नोकरी बारा ते बावीस वर्षांची झालेली आहे. दर तीन आठवड्यांनी आम्ही नव्वद मिनिटे भेटतो. एका वेळी एकाचाच विषय असतो. तो पंधरा मिनिटे बोलतो आणि पुढचा तासभर बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे असतात; सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, 'माझ्याही बाबतीत अगदी असेच झाले' हे तर मुळीच नाही. शेवटी बोलणाऱ्याने पुढच्या बैठकीपर्यंत काय करणार ते सांगायचे. गटातील कोणीही दुसऱ्याचा वरिष्ठ किंवा हाताखालचा असता कामा नये, ही अट आम्ही पहिल्याच दिवशी घातली होती आणि ती पाळता यावी म्हणून सहा माणसे चार संस्थांतून गोळा करावी लागली.

पद्धत आमची नाही, रेजिनाल्ड रेव्हन्स यांची आहे. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रात संशोधन केलेला हा माणूस १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या कारभारात शिक्षणाचे काम पाहत होता. खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्याने ऐकवण्याऐवजी त्यांना लहान गटांत बसवून एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावावेत, असे त्यांचे म्हणणे होते. शिकणे म्हणजे आधीपासून सिद्ध असलेले ज्ञान अधिक प्रश्न, असे समीकरण त्यांनी पुढे मांडले. ते स्वतः मँचेस्टर येथे प्राध्यापक झाले आणि १९६५ मध्ये ते पद सोडून बाहेर पडले, हा तपशील मला उगीचच धीर देऊन जातो.

शिक्षक आणि शिक्षकेतर एकत्र बसवण्याबद्दल आमच्यात सुरुवातीला कुरबुर झाली. 'त्यांचे प्रश्न वेगळे, आपले वेगळे' असे एक जण म्हणालेही होते. पण उच्च शिक्षणाच्या अभ्यासक सीलिया व्हिटचर्च यांनी २००८ मध्ये अध्यापन आणि प्रशासन यांच्या मधल्या ज्या तिसऱ्या प्रदेशाविषयी लिहिले, तेथे आता आम्ही सगळेच निम्मा दिवस काढतो. मी अध्यापक असून दर आठवड्याला तक्ते भरते, आणि आमच्या ग्रंथपाल शोधनिबंध कसा शोधावा हे वर्गात शिकवतात, जरी त्यांच्या सेवापुस्तिकेत 'अध्यापन' हा शब्द कोठेही नाही. लेव्ह आणि वेंगर यांच्या उदाहरणांत मांस कापणाऱ्या कारागिरांचीही एक हकिकत आहे. दुकानातील उमेदवारांना गुंडाळणीच्या यंत्रापाशी बसवले होते आणि मुरलेले कारागीर कापकाम कसे करतात, ते त्यांना तेथून दिसतच नव्हते. परीक्षा विभाग आणि आमचा विभाग यांच्यातही अशीच भिंत असते. निकाल उशिरा लागला की आम्ही त्यांना नावे ठेवतो, गुणपत्रके उशिरा आली की ते आम्हाला. भिंतीपलीकडे रात्री किती वाजेपर्यंत दिवे चालू असतात, ते दोघांनाही दिसत नाही.

तर आजची बैठक. पंधरा मिनिटांत मी माझे गाऱ्हाणे मांडले. शिकवण्याखेरीज अकरा कामे अंगावर आहेत, तीन संशोधक विद्यार्थी आहेत, स्वतःचा शोधनिबंध दोन वर्षे अर्धवट पडला आहे, आणि पदोन्नतीच्या अर्जात नेमका तोच विचारला जाणार आहे. अकरा कामांसाठी त्यात एक चौकट आहे, दोन ओळींची. मला वाटले होते, सगळे हळहळतील. परीक्षा विभागातील अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, "मॅडम, या अकरा कामांपैकी किती कामांचे लेखी आदेश तुमच्याकडे आहेत?"

मला सांगता येईना. आदेशांची फाइल कपाटात होती, ती उठून आणली आणि सगळ्यांसमोर एकेक कागद उलटत गेले. आदेश निघाले चार. उरलेली सात कामे कोणी तरी मार्गिकेत थांबवून 'तेवढे बघाल का' म्हणाल्यामुळे, किंवा आधीची व्यक्ती निवृत्त झाल्यामुळे, किंवा एकदा रजेवरच्या सहकाऱ्याच्या वतीने केली म्हणून माझ्याकडे राहिली होती. चार आदेशांपैकी समन्वयक म्हणून काढलेल्या एका आदेशावर कार्यकाल दोन वर्षांचा होता आणि तो संपून तीन वर्षे झाली होती.

"मुदत संपल्यावर नवीन आदेशासाठी टिपण कोणी ठेवायचे असते?" ग्रंथपालांनी विचारले.

मी कागदावरून बोट फिरवले. टिपण समन्वयकाने ठेवायचे असते. म्हणजे मीच. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला नेमा, हे पत्र माझ्या हातून जायला हवे होते आणि तीन वर्षांत ते गेले नव्हते. कोणी हसले नाही. तंत्रज्ञ बाईंनी फक्त एवढेच विचारले, "ते काम तुमच्याकडून गेले असते, तर तुम्हाला काय गमावल्यासारखे वाटले असते?" या प्रश्नाचे उत्तर मी आज दिले नाही. अजूनही ते नीट देता येत नाही, पण त्यात 'माझ्यावाचून अडते' या भावनेचा वाटा बराच आहे, हे मला खोटे बोलून लपवता येणार नाही.

हीच गोष्ट माझ्या जवळच्या मैत्रिणीला ठाऊक नव्हती असे नाही. ती रोज माझ्याबरोबर असते, माझे रडगाणे ऐकते, माझी बाजू घेते. बहुधा म्हणूनच तिने फाइल काढायला सांगितली नसती. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये नोकरी बदललेल्यांचा अभ्यास मांडला, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती खबर रोज भेटणाऱ्या जिवलगांकडून मिळाली नव्हती, तर अधूनमधून किंवा क्वचितच गाठ पडणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. खबरेचे जे होते, तेच प्रश्नांचेही होत असावे.

मंगळवार

टिपण लिहिले. आठ ओळींचे टिपण लिहायला दोन तास लागले.

शुक्रवार

आमच्या गटाची कुणकुण वर पोहोचली आहे. आज बोलावून कौतुक झाले, आणि मग प्रस्ताव आला की संस्थेने हा उपक्रम म्हणून स्वीकारावा, त्याला नाव द्यावे, उपस्थितीपत्रक ठेवावे आणि वर्षअखेरीस अहवालात त्याचे छायाचित्र द्यावे. हेतू वाईट नाही. पण उपस्थितीपत्रक आले की अनुपस्थितीचे कारण येते, अहवाल आला की सांगण्याजोगे यश दाखवावे लागते, आणि मग कोणी आपल्या मुदत संपलेल्या आदेशांची फाइल उघडून बसणार नाही. मी एवढेच म्हणाले की नाव आणि छायाचित्र नको, दर तीन आठवड्यांनी नव्वद मिनिटे कार्यभारात धरली तर फार उपकार होतील. त्यावर 'बघू' असे उत्तर मिळाले.

एक गोष्ट मला खटकत राहते. असे गट स्वस्त असतात आणि म्हणूनच ते व्यवस्थेला आवडतात. रिक्त पदे भरण्याऐवजी असलेल्यांना एकमेकांचे सांत्वन करायला बसवणे सोपे आहे. आमच्या गटातील एक अध्यापक चौथ्या बैठकीनंतर येईनासे झाले. त्यांचा निरोप होता की प्रश्न चांगले असतात, पण परत गेल्यावर तास तेवढेच असतात आणि शिकवायला माणसे तेवढीच. त्यांच्या जागी दुसरे आले, पण त्यांच्या म्हणण्याला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

तीन आठवड्यांनंतर, शनिवार

टिपण मंजूर झाले आणि समन्वयाचे काम माझ्याकडून जाणार हे ठरले. बैठकीच्या सुरुवातीला मी ते काहीशा अभिमानाने सांगितले. परीक्षा विभागातील अधिकाऱ्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मला आता त्या चष्म्याची धास्ती वाटू लागली आहे.

"ते काम आता कोणाच्या टेबलावर जाणार आहे?"

ते त्या नव्या मुलीकडे जाणार आहे, जिने मला सोमवारी तो प्रश्न विचारला होता. विभागप्रमुखांनी तिला मार्गिकेत थांबवून विचारले आणि ती अर्थातच हो म्हणाली. मीही सतरा वर्षांपूर्वी अशीच हो म्हणाले होते. उरलेला वेळ खरे तर तंत्रज्ञ बाईंच्या विषयाचा होता आणि त्यांचा विषय माझ्याहून गंभीर होता. बावीस वर्षे एकाच पदावर आणि त्या पदाच्या वर शिडीला पायरीच नाही. मी त्यांना दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही प्रश्नांत सल्ला लपलेला होता, हे ग्रंथपालांनी माझ्या लक्षात आणून दिले.

घरी आल्यावर आदेशाचा मसुदा तयार करायला घेतला आहे. विभागप्रमुख म्हणाले होते की तोंडी पुरेसे आहे. मी त्यांना विनंती केली की मसुदा मी करते, आपण फक्त सही करा. कामाचे स्वरूप लिहिले, आठवड्याचे तास लिहिले, त्या बदल्यात अध्यापनाचे किती तास कमी होतील ते लिहिले, आणि त्यावर वाद होणार हे गृहीत धरून दोन तास जास्तच लिहिले. हस्तांतरण सहा महिने माझ्या देखरेखीखाली असेल, असेही एक वाक्य आपसूक लिहिले गेले होते, ते खोडले. 'कार्यकाल' या शब्दापुढची जागा कोरी ठेवली आहे. सोमवारी ती आली की तिला विचारून भरणार आहे.