मिंगुलेला धक्का नाही, तो आम्हालाच बसला

“वाळूच्या किनाऱ्यावर आरामात उतरता येतं,” असं स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या ओसाड मिंगुले बेटाबद्दल निघायच्या आधी मी तीन ठिकाणी वाचलं होतं. लिहिणाऱ्यांना एकदा माझा उजवा गुडघा दाखवायचा आहे.

वाळू आहे, नाही असं नाही. पूर्वेच्या खाडीत, फोटोत दिसते तशीच पांढरीशुभ्र. पण थोडी जरी लाट असली तरी तिथे होडी लागत नाही, आणि हा अटलांटिक आहे. मग बोट बाहेर उभी राहते, चार-चार जणांना रबरी डिंगीत घालतात आणि खाडीच्या कडेच्या कातळाला नेऊन लावतात. लावतात म्हणजे काय, तर डिंगीचं नाक कातळावर टेकवून इंजिनाने रेटून धरतात. लाटेबरोबर डिंगी दोन-तीन फूट वर जाते, क्षणभर थांबते, तेवढ्यात उडी मारायची. नावाडी ओरडला तेव्हा मी विचार करत बसलो आणि डिंगी खाली जायला लागल्यावर उडी मारली. शेवाळावर गुडघा, पाठीवरची सॅक डोक्यावर. जंजिऱ्याच्या दरवाजात होडीतून उतरलोय, त्यामुळे हे आपल्याला जमतं असा माझा समज होता. जंजिऱ्याला हात धरून ओढून घेणारा माणूस असतो. इथे कातळ असतो.

आणि ही दुसरी खेप. आदल्या दिवशी उतरताच आलं नाही. बेटाला चक्कर मारली, त्यापलीकडच्या बर्नरेवरचा १८३३ चा दीपस्तंभ दाखवला आणि पैसे पूर्ण घेतले. बुकिंग करताना ‘उतरता आलं नाही तर किती परत?’ हा प्रश्न विचाराच. मी विचारला नाही आणि दोनदा भरले.

गुडघा चोळत बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं की बेट रिकामं का झालं याचं निम्मं उत्तर आपण आत्ताच दिलंय. १८८१ च्या जनगणनेत इथे १५० माणसं होती. गेलिक बोलणारी, कॅथलिक, मासेमारी आणि थोडी शेती करणारी. होडी परतली की सगळ्यांनी मिळून ती वाळूवर ओढायची, कारण बांधून ठेवायला जागाच नाही. लोकांना धक्का हवा होता. सरकारी मंडळाने १९०१ मध्ये दिली ती सामान उचलायची यारी. शेजारच्या पॅबे बेटाची एक होडी १८९७ च्या मे महिन्यात वादळात पाचही माणसांसकट गेली होती. त्या चिमुकल्या बेटावरचे निम्म्याहून जास्त पुरुष एका दिवसात संपले. हे सगळं डोळ्यासमोर असताना कोण राहील? १९०६ पासून जवळच्या मोठ्या बॅरा बेटाच्या आणि मिंगुलेच्या लोकांनी व्हॅटर्से बेटावर घुसून झोपड्या बांधायला सुरुवात केली. एका दिवसात छप्पर घालून चूल पेटवली की जमिनीवर हक्क लागतो, अशी जुनी समजूत होती. व्हॅटर्सेच्या मालकीणबाई कोर्टात गेल्या, १९०८ मध्ये दहा जणांना दोन महिन्यांची शिक्षा झाली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने व्हॅटर्से विकत घेऊन वाटून दिलं. १९१२ पर्यंत मिंगुले ओस पडलं.

मॅकफीची टेकडी २२४ मीटरची आहे. दंतकथा अशी: बेटावरून बरेच दिवस काही खबर नाही म्हणून बॅराच्या मॅकनील सरदाराने होडी पाठवली. मॅकफी एकटा उतरला, घराघरांत प्रेतं. त्याने ‘साथ आहे’ असं ओरडून सांगताच होडीवाले त्याला तिथेच टाकून पळाले. वर्षभर तो रोज या टेकडीवर चढून वाट बघत बसला म्हणे. परतीची डिंगी वीस मिनिटं उशिरा आली तेव्हा मला त्याची फार आठवण आली.

गावात घरांच्या भिंती उरल्यात. एका घरात वाकून शिरलो. वाळू खिडकीच्या तळाला टेकलेली, वर खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटलची झाडं, आणि कोपऱ्यात मेंढीची लोकर अडकलेली. १८९८ च्या चॅपल हाउसचं छप्पर १९९६ मध्ये कोसळलंय, आत जाऊ नका.

पण आधी कड्यावर जा, गाव नंतर. ‘पूर्ण दिवसाची सहल’ असं म्हणतात, पण बेटावर हातात जेमतेम तीन तास येतात. पश्चिमेचा ब्यूलाक्रेग २०० मीटरहून उंच आहे आणि काठाला कसलंही कुंपण नाही. खाली हजारो पक्ष्यांचा कल्ला आणि त्यांच्या विष्ठेचा वास एकदमच अंगावर येतो. पोटावर झोपून खाली बघितलं आणि गुडघा, पैसे सगळं विसरलो. इथली माणसं दोर लावून या कड्यांवर पक्षी आणि अंडी काढायची. एके काळी जमिनीचा खंडसुद्धा शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांच्या रूपात भरायची. गवतात ‘बॉन्क्सी’ पक्षी घरट्याजवळ गेलात तर सरळ डोक्यावर झेपावतात. काठी डोक्याच्या वर धरून चाला, ते सगळ्यात उंच वस्तूवर येतात.

बॅरावरचे बाकीचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. विमान वाळूवर उतरतं, बघण्यासारखं आहे, पण वेळापत्रक भरती-ओहोटीवर असतं, म्हणून मिंगुलेच्या दिवशीच परतीचं तिकीट काढायचा मूर्खपणा करू नका. बॅरावरच्या कॅसलबे गावात किमान तीन दिवस हाताशी ठेवा. पफिन पक्षी बघायचे असतील तर जून किंवा जुलैच्या सुरुवातीला जा. ऑगस्टमध्ये रिकामी बिळं दिसतील. बेटावर संडास नाही, दुकान नाही. खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला, कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. आणि डिंगी वर गेली की विचार करू नका.