आजारपणाची रजा आणि पाचशे विमाने

एका विमान कंपनीच्या क्रू रोस्टरिंग विभागात मी अकरा वर्षे काम केले. कोणत्या वैमानिकाने कोणत्या दिवशी कोणते उड्डाण करायचे आणि कोणत्या केबिन क्रूचा मुक्काम कोणत्या शहरात पडायचा, हे तिथे ठरत असे. रात्रपाळीत दीड-दोन वाजता फोन वाजला की बहुतेक वेळा पलीकडून एकच वाक्य ऐकू येई : "सर, बरं वाटत नाहीये, सिक लावा." मग पडद्यावर त्या नावापुढे खूण करायची, स्टँडबायवरच्या माणसाला झोपेतून उठवायचे आणि पिक-अपची गाडी त्याच्या पत्त्यावर वळवायची. एरवी रात्रीत असे दोन फोन येत, पावसाळ्यात चार-पाच. एकदा मात्र चार तासांत सतरा आले. त्या लोकांचा उड्डाणभत्ता दोन महिने थकला होता. डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीने सिक लावायला सांगितल्यावर फोन ठेवण्यापूर्वी विचारले, "माझी गाडी रद्द केलीत ना? ड्रायव्हरला उगाच एवढ्या लांब यायला लागू नये." सतरावा फोन ठेवला तेव्हा हा संप आहे, हे मला कळून चुकले होते.

भारतातल्या विमान कंपन्यांच्या वाढीचा इतिहास विमानांच्या ऑर्डरींमधून सांगितला जातो. मला तो या फोनांमधून दिसतो. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजच्या शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवस कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. वैमानिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतलेल्या दोघांना कंपनीने कामावरून काढले होते, हे त्यामागचे कारण होते. मे 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा 58 दिवसांचा संप असाच आजारपणाच्या रजांनी सुरू झाला. जुलै 2022 मधल्या एका शनिवारी इंडिगोची निम्म्याहून अधिक उड्डाणे उशिरा सुटली, कारण केबिन क्रूमधले बरेच जण 'आजारी' होते आणि त्याच दिवसांत एअर इंडियाची भरती चालू होती. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने तेच केले, पंचवीस जणांना बडतर्फीची पत्रे गेली आणि दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर ती मागे घेतली गेली.

चार वेगळ्या कंपन्यांतल्या लोकांनी तंटा मांडायला तापाचाच आधार का घ्यावा, याचे उत्तर कायद्यात आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने विमान वाहतूक ही सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा मानली होती. तिथे संपापूर्वी नोटीस द्यावी लागे, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावे लागे आणि समेटाची बोलणी चालू असताना संपावर जाता येत नसे. हे बंधन मला गैर वाटत नाही. शेकडो प्रवासी विमानतळावर अडकतात, त्यांत शस्त्रक्रियेला निघालेले असतात, अंत्यविधीला पोहोचायचे असलेले असतात. पण संपावर बंधन घालायचे तर बोलण्याची जागा खरी असायला हवी. खासगी विमान कंपन्यांनी संघटनेला मान्यता देण्याचे शक्य तोवर टाळले. नोटीस द्यायला संघटना नाही आणि संघटना काढावी तर नोकरी जाते, अशा पेचात सापडलेल्या माणसाच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी तेवढी राहते.

कंपन्यांची बाजूही मी जवळून पाहिली आहे. इंधनाचा भाव कंपनीच्या हातात नसतो आणि भारतात एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इंधनाचाच असतो. विमानांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते, त्यामुळे रुपया घसरला की ते वाढते. विमानतळाचे दर दुसरेच कोणी ठरवतात. व्यवस्थापनाला थेट हात घालता येईल असा मोठा खर्च उरतो तो माणसांचा. म्हणून वाढीच्या प्रत्येक योजनेत एक गृहीतक दडलेले असते, की आहे त्याच माणसांकडून महिन्याला आणखी काही तास काढता येतील. इंडिगोच्या यशाचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे : मुख्यतः एकाच जातीची विमाने, एकगठ्ठा मोठ्या ऑर्डरी, आलेले विमान विकून तेच भाड्याने घेणे आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवणे. या सूत्राबद्दल मला मनापासून आदर आहे; त्याच्यामुळे साध्या नोकरदाराला वर्षातून एकदा आईवडिलांना विमानाने नेता येऊ लागले. पण विमान जेवढे जास्त तास हवेत, तेवढे रोस्टर ताणलेले. आमच्या खोलीत मार्च महिन्यातच उन्हाळी वेळापत्रकाची भीती वाटू लागे, कारण स्टँडबायच्या रकान्यातली नावे दर हंगामात कमी होत जात.

इंडिगोने 2005 साली शंभर विमानांची ऑर्डर दिली आणि जून 2023 मध्ये एकदम पाचशेंची. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने 470 विमाने मागवली. कारखान्यातून विमान कधी बाहेर पडेल याची तारीख करारात असते. कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, तसा तारखेवर मिळत नाही. व्यावसायिक परवान्याला किमान 200 तासांचे उड्डाण लागते, तर कमांडर होण्यासाठी जो परवाना लागतो त्याला 1500 तास; त्यापुढे कंपनीची तपासणी आणि प्रशिक्षण वेगळेच. एका विमानामागे वैमानिकांच्या पाच-सहा जोड्या तरी लागतात. हा हिशेब जुळला नाही की दुसऱ्याची माणसे ओढायची स्पर्धा सुरू होते. 2023 मध्ये अकासा एअरचे 43 वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता निघून गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2017 पासून कमांडरसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. वर्षभर माणसाला बांधून ठेवावे लागते, यातच नोकरीची जागा कशी आहे ते कळते, असे माझे मत आहे.

वाढीची दुसरी वाट म्हणजे विलीनीकरण, आणि माझ्या मते सर्वाधिक तंटे याच वाटेवर उभे राहिले. 2007 साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. कागदावर कंपनी एक झाली. पण वेतनाचे नियम, बढतीची रांग आणि संघटना दोन-दोनच राहिल्या. 2011 मध्ये मूळच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला, त्यांना वेतनात बरोबरी हवी होती. पुढच्याच वर्षी मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवसांचा संप केला. त्यांची तक्रार होती की नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण पलीकडच्या वैमानिकांना का दिले जाते. एकाच विलीनीकरणावर दोन्ही बाजू रागावल्या होत्या, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. ज्याने वीस वर्षे मोठ्या विमानाची वाट पाहिली त्याला रांगेत मागे ढकलले जाणे बोचते, आणि तेच काम कमी पैशांत करणाऱ्यालाही आपले कमी वेतन बोचते. सेवाज्येष्ठतेची यादी ही बाहेरच्यांना क्षुल्लक बाब वाटते, परंतु वैमानिकाचे विमान, त्याचा तळ, सुट्टी, दिवाळी घरी की हॉटेलात, हे सारे तिच्यावरून ठरते. टाटा समूहाने विस्तारा या विमान कंपनीचे एअर इंडियात विलीनीकरण करायचे ठरवले, तेव्हा 2024 च्या वसंतात विस्ताराच्या वैमानिकांपुढे नवा वेतनकरार आला. त्यात हमीचे मासिक उड्डाणतास सत्तरवरून चाळीसवर येत होते. वैमानिक कामावर न आल्याने उड्डाणे रद्द होऊ लागली. सतरा वर्षांपूर्वीचा धडा समोर असताना हे पुन्हा घडावे, याचे मला फार वाईट वाटले.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, त्यात कोणी आजारी पडले नव्हते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारा आणि रात्रीच्या उतरणींची (लँडिंगची) मर्यादा सहांवरून दोनवर आणणारा नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाला होता. विमान कंपन्यांच्या विरोधामुळे तो लांबला आणि न्यायालयात गेल्यावर जुलै व नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोकडे त्या नियमांत बसतील एवढे वैमानिक नव्हते. 5 तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. जवळपास दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम रोस्टरला पेलला नाही, म्हणजे रोस्टरमध्ये अगोदरच काही शिल्लक नव्हते. त्या आठवड्यात काउंटरवर उभ्या राहून प्रवाशांच्या शिव्या खाणाऱ्या ग्राउंड स्टाफच्या मुलामुलींनी यातला एकही निर्णय घेतलेला नव्हता.

त्याच्या थोडे आधी, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, 1947 च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली, तर तिला आता संप मानले जाते. आजारपणाची रजा यात मोडते का, याचा वाद न्यायालयात जाणार हे उघड आहे. दुसऱ्या बाजूने, ज्या संघटनेकडे 51 टक्के कामगार सदस्य असतील तिला वाटाघाटीसाठी एकमेव संघटना मानण्याची तरतूदही याच संहितेत आहे. केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफने तिचा उपयोग करावा, असे मला कळकळीने वाटते. वैमानिकांपुढची अडचण वेगळी आहे : देखरेखीचे काम करणारा आणि महिना 18 हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा संहितेच्या दृष्टीने कामगार नाही, आणि कमांडर हा विमानातल्या सर्वांवर देखरेख करतो, हा युक्तिवाद कंपन्यांकडे तयार आहे. तो टिकला, तर पुढची शंभर विमाने येतील तेव्हाही रात्रीच्या उतरणीबद्दल वैमानिकाला काही म्हणायचे असेल, तर त्याने ते कोणत्या टेबलावर मांडायचे, याचे उत्तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आणि कामगार मंत्रालयाने एकत्र बसून द्यायला हवे, आणि ते उन्हाळी वेळापत्रक मंजूर होण्याआधी द्यायला हवे.