त्रास वाचला

आज पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन झालं, भाकरीचा तुकडा नि घोटभर द्राक्षरस, आणि मी पावणेबाराला घरी. हे दारातच म्हणाले, "का गं, बरं वाटंना का?" मला काय धाड भरलीय.

गेल्या मीटिंगला सेक्रेटरी किती मायेनं बोलले. "मावशी, आता पेले बंद. प्लॅस्टिकच्या कपांना २०१८ पासून बंदी आहे, म्हणून कागदी कप आणू. वापरा आणि टाका. तुमचा त्रास वाचला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

त्रास. रविवारच्या मटणाचा रेषा दातात अडकावा तसा हा शब्द दिवसभर अडकलाय. माझा कसला त्रास? मी कधी कुणाला म्हणाले होते?

प्रभुभोजनाच्या रसाचे काचेचे एकशे बारा पेले, अंगठ्याच्या पेराएवढे. तासगावचे बेदाणे उकळून केलेला रस तळाला चिकटून बसतो आणि तिथवर बोट जात नाही. आईची युक्ती होती. खराट्याच्या काडीला मऊ चिंधी गुंडाळायची, दोनदा फिरवायची, मग पेला खिडकीच्या उजेडात धरायचा. जांभळं कडं दिसलं की परत. कुठल्या पेल्याला लिपस्टिक आणि ती कुणाची, हेही मला कळतं. सांगणार नाही. आईनंतर बावीस वर्षं हेच केलं. आईचं काय... जाऊ दे.

मला गाता येत नाही. साक्ष द्यायला उभी राहिले की पाय लटपटतात. संडे स्कूलची पोरं मला जुमानत नाहीत. मंडळीत जमण्यासारखं एवढं एकच होतं, तेही कागदाच्या कपानं नेलं. आणि खरं लिहायचं तर आज भक्तीत माझं लक्षच नव्हतं. कुणीतरी मागं वळून म्हणेल, पेलेच बरे होते, याची वाट बघत होते. कुणी म्हणालं नाही. कप आले, प्याले, संपलं. मग इतकी वर्षं मी सेवा करत होते, की माझ्यावाचून अडावं म्हणून घासत होते? त्रास वाचला म्हणे.

दुपारी झोप येईना म्हणून बायबलातल्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय काढला. नुसती नावंच नावं, एरवी मी तो ओलांडूनच जाते. पत्र पाठवणारा पौल सलाम सांगत सुटलाय आणि मध्येच भलताच माणूस बोलतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही सलाम. अख्खं पत्र त्याच्या हातचं, आणि स्वतःची ओळ एकच. पुढच्या ओळीत नगराचा खजिनदार एरास्त, आणि त्याच्या शेजारी क्वर्त. त्याला हुद्दाच नाही. नुसता "बंधू". पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं, तर्तिय म्हणजे तिसरा आणि क्वर्त म्हणजे चौथा. मला हसूच आलं. आमच्याकडं पण नकुशा असतात की.

मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आहे. त्यांच्या घरी भांडी कोण घासत होतं ते कुठं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पण घासली असणारच कुणीतरी. साहेब उष्ट्या ताटात थोडंच जेवले असतील.

तर्तियनं निदान मध्ये तोंड घातलं. मी मीटिंगमध्ये मान डोलावली. चूक कुणाची?

एवढं लिहीपर्यंत चर्चच्या वॉचमनचा फोन. "मावशी, ते कागदी कप बाकांखाली तसंच पडल्यात. रस सांडून फरशीला मुंग्या लागल्यात बघा. कुणाला सांगू?"

सेक्रेटरींना सांग म्हणणार होते. जिभेवर आलं होतं.

"फडकं ओलं करून ठेव," म्हणाले. "सकाळी कचऱ्याचा टिपर यायच्या आत येते."

ह्यांनी पेपरामागून विचारलं, "वाचला का त्रास?"