अंगठा पोहोचेल असा फोन

फोनचे इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी. फोन हातात मावतो की नाही हे ठरतं रुंदीवर आणि वजनावर, आणि हे दोन आकडे जाहिरातीत कुठेच ठळक नसतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. एका हाताने पेशंटच्या गुडघ्याला आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने टायमर लावायचा किंवा त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ घ्यायचा, हे रोजचंच. मोठा फोन करंगळीवर तोलून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायचा, असं दिवसभर चाललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागतं. तिथून जाणाऱ्या दोन कंडरांभोवतीचं (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांभोवतीचं) आवरण जाड होतं, सुजतं. डी क्वेरवेन म्हणतात त्याला. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये हे दुखणं मी नेहमी पाहते. माझ्याच मनगटात त्याची सुरुवात जाणवल्यावर फोन बदलायचं ठरवलं.

जुना फोन ७६ मिलिमीटर रुंद आणि २०० ग्रॅमच्या वर होता. नव्यासाठी मर्यादा घातल्या: रुंदी ७१ मिलिमीटरच्या आत, वजन १७० ग्रॅमच्या आत, बॅटरी सकाळी आठ ते रात्री आठ टिकली पाहिजे, आणि खर्च तीस हजारांच्या आत. या किमतीत दुकानात जे नवे फोन मांडलेले होते ते सगळे साडेसहा इंचांच्या आसपासचे. म्हणजे काही वर्षं जुना, वापरलेला फोनच बघावा लागणार होता.

यादी छोटी निघाली. आयफोन १३ मिनी, ६४.२ मिलिमीटर रुंद, वजन जेमतेम १४० ग्रॅम. सॅमसंगचा एस१०ई, ६९.९ मिलिमीटर, १५० ग्रॅम, बॅटरी ३१०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप). गूगलचा पिक्सेल ४ए, १४३ ग्रॅम, बॅटरी ३१४०. असुसचा ८झेड, ६८.५ मिलिमीटर, १६९ ग्रॅम आणि बॅटरी तब्बल ४००० एमएएच. आणि सॅमसंगचेच एस२२ आणि एस२३. पुठ्ठ्यावर प्रत्येकाची लांबी-रुंदी आखून कापून घेतली आणि ते तुकडे हातात धरून अंगठा कुठवर जातो ते पाहिलं. हे जरूर करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने जे कळतं ते कुठल्याही रिव्ह्यूमधून कळत नाही.

पहिल्यांदा यादीतून एस१०ई गळला, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं. बाजूच्या बटणावरच बोटाच्या ठशाचा सेन्सर, हेडफोनची पिन, मेमरी कार्डाची जागा, एवढं सगळं असलेला इतका सुटसुटीत फोन सॅमसंगने पुन्हा काढलेला नाही. पण तो २०१९चा. अँड्रॉइड १२वर त्याचे अपडेट थांबले. पेशंटचे पैसे मी यूपीआयवर घेते, बँकेचं सगळं फोनवर आहे, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट बंद झालेला फोन मला चालणार नव्हता. पिक्सेल ४ए त्याच कारणाने गेला. शिवाय जानेवारी २०२५मध्ये गूगलनेच अपडेट पाठवून त्यातल्या काही फोनच्या बॅटरीची क्षमता कमी केली होती. असुस अँड्रॉइड १३वर थांबलेला.

उरले तीन. एस२२ आणि एस२३ शेजारी ठेवून समोरून पाहिले तर ओळखू येणार नाहीत इतके सारखे. बॅटरी एकाची ३७००, दुसऱ्याची ३९००. एवढ्याशा फरकासाठी जास्त पैसे का द्यायचे, असं वाटेल. खरा फरक चिपमध्ये आहे. दोघांतही स्नॅपड्रॅगन नावाचीच चिप, पण एस२२ मधली ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात बनलेली आणि एस२३ मधली ८ जेन २ तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडची. दुसरी तेवढ्याच कामाला कमी वीज खाते आणि कमी तापते. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, एवढंच. नळ किती सुटलाय ते चिप, पडदा आणि नेटवर्क ठरवतात. त्यात एस२३ला २०२३पासून पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट, म्हणजे २०२८पर्यंतची निश्चिंती.

मिनीचा मोह मात्र बराच काळ सुटला नाही. ॲपल एमएएच सांगत नाही, व्हिडिओचे तास सांगते: १२ मिनीला १५, १३ मिनीला १७. म्हणून मिनी घ्यायचाच तर १३ घ्यावा. पण हे आकडे नव्या बॅटरीचे. ॲपलच्याच हिशोबाने या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर येते. वापरलेल्या मिनीत नवी बॅटरी टाकणं आलंच, आणि तरीही माझा बारा तासांचा दिवस, त्यात गूगल मॅप आणि व्हिडिओ, तिला झेपेल याची मला खात्री वाटेना. एस२३ ठरला.

बुधवार पेठेतल्या दुकानांत तो सहज मिळत होता. एका दुकानदाराने "ताई, एकदम मख्खन पीस आहे" म्हणून हातात दिला. डायलरवर *#०*# दाबलं की सॅमसंगमध्ये तपासणीचा पडदा उघडतो. लाल, हिरवा, निळा रंग पूर्ण पडद्यावर आणून पाहिले, तर कडेला फिकट पट्टा. मी "राहू द्या दादा" म्हणून पुढे गेले. पुढच्या दुकानातला फोन या तपासणीत स्वच्छ निघाला. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढला, बिल आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडला, आणि केवायएम (KYM) लिहून पुढे तो क्रमांक घालून १४४२२ या सरकारी नंबरला एसएमएस केला. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन असेल तर त्या उत्तरात कळतं. आधीच्या मालकाचं गूगल खातं काढून टाकलंय याची खात्री करायला माझ्यासमोर रीसेट करून माझं खातं घातलं. शेवटी उजेड पूर्ण वाढवून मोबाईल डेटावर अर्धा तास व्हिडिओ चालवला. टक्के एकदम कोसळतात का, फोन तापतो का, हे तिथेच बसून पाहिलं. दुकानदाराने चहा मागवला, बिचाऱ्याने घाई केली नाही.

बॅटरीचे पैसे मी आधीच वेगळे काढून ठेवले होते. अधिकृत सेवा केंद्रात ती बदलून घेतली. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीइतकं राहतं असं मी धरत नाही, त्यामुळे पावसात तो पाऊचमध्येच असतो. सेटिंगमध्ये परफॉर्मन्स प्रोफाइल 'लाइट' ठेवलं आहे, म्हणजे वेग थोडा कमी आणि बॅटरीची बचत. माझ्या कामात वेग कमी झाल्याचं जाणवतही नाही. रात्री चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवते, फक्त लांबच्या व्हिजिट असलेल्या दिवशी १०० करते. धायरीच्या पुढे सिग्नल अर्धवट असतो, तिथे ५जी बंद करून ४जीवर ठेवलं की बॅटरी स्पष्टपणे जास्त टिकते.

संध्याकाळी शेवटच्या पेशंटकडून निघताना साधारण तीस टक्के उरलेले असतात. मनगटाचं दुखणं फक्त फोन बदलल्याने गेलं नाही. अंगठ्याला स्प्लिंट (हालचाल रोखणारा आधारपट्टा) आणि व्यायामही चालू होते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचा हात माझ्याहून लहान आहे आणि ती क्लिनिकमध्येच बसते, चार्जर शेजारी. तिला मी १३ मिनी घ्यायला सांगितला आहे, नव्या बॅटरीसकट.